दोन चक्रीवादळं एकाच वेळी आली, तर कोण कोणाला वळवतं?

२०२५ च्या ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आठवा. मोंथा चक्रीवादळ बंगालच्या उपसागरातून आंध्रच्या किनाऱ्याकडे निघालं होतं आणि त्याच दिवसांत मुंबईच्या समोर अरबी समुद्रात एक डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची कमजोर पायरी, मुक्काम ठोकून बसलं होतं. दिवाळी होऊन गेली तरी मुंबईत छत्र्या बाहेर होत्या, कोकणात कापणीला आलेलं भात शेतातच भिजत होतं. उपग्रहाच्या चित्रात देशाच्या दोन्ही बाजूंना ढगांचे पांढरे पुंजके दिसत होते, आणि असं चित्र दिसलं की प्रत्येक वेळी तोच प्रश्न फिरायला लागतो: ही दोन्ही एकत्र आली तर? एकमेकांवर आदळली तर? मग मुंबईचं काय?

आदळण्याची भीती समजण्यासारखी आहे, पण ती आपलं लक्ष चुकीच्या जागी नेते. एका वेळी दोन वादळं असतात तेव्हा खरा फरक पडतो तो त्यांच्या रस्त्यात. एकामुळे दुसऱ्याची वाट बदलते, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी वाट बदलणं हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. हे कसं घडतं ते समजायला आधी एकट्या वादळाचा स्वभाव बघावा लागतो.

एकटं वादळ चालतं कसं?

चक्रीवादळ म्हणजे उबदार समुद्रावर तयार झालेला, स्वतःभोवती फिरणाऱ्या हवेचा प्रचंड मोठा घेर. मध्यभागी हवेचा दाब कमी, म्हणून सगळीकडून हवा आत धावते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ही हवा सरळ केंद्रात न शिरता वळते. उत्तर गोलार्धात हा घेर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो, दक्षिण गोलार्धात काट्यांच्या दिशेने. समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असेल आणि ही ऊब बरीच खोलवर असेल, तर या यंत्राला इंधन मिळत राहतं.

आपल्याकडे हवामान विभाग वाऱ्याच्या वेगावरून पायऱ्या ठरवतो. ताशी ३१ ते ४९ किमी वारा असेल तर डिप्रेशन, ५० ते ६१ असेल तर डीप डिप्रेशन आणि ६२ च्या वर गेला की चक्रीवादळ. नाव मिळतं ते या पायरीवर. २२१ किमीच्या वर गेलं की सुपर सायक्लोन. मराठी बातम्यांत या सगळ्यालाच ‘कमी दाबाचा पट्टा’ म्हणून टाकतात, त्यामुळे नेमकी पायरी कोणती हे मूळ बुलेटिनमध्ये पाहिलेलं बरं.

इतक्या ताकदीचं वादळ स्वतःच्या जोरावर मात्र फारसं पुढे जात नाही. त्याच्या फिरण्याचा वेग ताशी दीडशे किमी असला, तरी पुढे सरकण्याचा वेग अनेकदा ताशी दहा-वीस किमीच असतो. पुढे नेण्याचं काम मुख्यतः आजूबाजूचा वारा करतो. त्याला वाहक वारा म्हणू. कमजोर प्रणालीची उंची कमी असते, म्हणून तिला जमिनीपासून दीड ते तीन किमीपर्यंतचे वारे ढकलतात. तीव्र वादळ दहा-बारा किमी उंच गेलेलं असतं, त्याला या सगळ्या थरांतल्या वाऱ्यांची सरासरी ढकलते. त्यात भर म्हणून पृथ्वीच्या गोलाईमुळे उत्तर गोलार्धातल्या वादळाला वायव्येकडे थोडासा, ताशी पाच-दहा किमीचा, स्वतःचा कल असतो. बाकी सगळं वाहक वाऱ्यावर. अरबी समुद्रात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उत्तरेकडे उच्च दाबाचा पट्टा पसरलेला असेल तर वादळ ओमान-येमेनकडे जातं. त्या पट्ट्यात खिंड पडली, पश्चिमेकडून वारे आले, तर तेच वादळ गुजरात किंवा कोकणाकडे वळतं.

आता शेजारी दुसरं वादळ आलं तर?

तर पहिल्याच्या आजूबाजूच्या वाऱ्यात दुसऱ्याचा वाराही मिसळतो. दुसऱ्याचा बाहेरचा घेर पहिल्याला ढकलू लागतो आणि पहिल्याचा घेर दुसऱ्याला. दोघांचे घेर एकाच दिशेने फिरत असल्यामुळे दोघंही मधल्या एका बिंदूभोवती फिरायला लागतात, तेही घड्याळाच्या उलट दिशेने. याला फुजिव्हारा परिणाम म्हणतात. साकुहेई फुजिव्हारा या जपानी हवामानशास्त्रज्ञाने पाण्यातल्या भोवऱ्यांचे प्रयोग करून १९२१ मध्ये ही गोष्ट मांडली.

मंगळागौरीला फुगडी घालणाऱ्या दोघी डोळ्यांसमोर आणा. सारख्या वजनाच्या असतील तर फिरण्याचा मध्य दोघींच्या बरोबर मधे असतो. एक थोराड आणि एक लहान असेल, तर मध्य मोठीकडे सरकतो आणि लहान मुलगी मोठा फेरा घेते. वादळांचंही तसंच होतं. एकाचा प्रभाव दुसऱ्याच्या तिप्पट असेल आणि दोघांत ८०० किमी अंतर असेल, तर मध्यबिंदू मोठ्यापासून २०० आणि लहानापासून ६०० किमीवर पडतो. मोठं जवळपास जागच्या जागी हललेलं दिसतं, लहान मात्र त्याच्याभोवती लांबलचक कमान काढतं. उपमा इथेच थांबवायला हवी, कारण फुगडीत हात धरलेले असतात. वादळांमध्ये असं धरून ठेवणारं काही नसतं. ती एकमेकांना ओढत नाहीत, फक्त एकमेकांच्या वाऱ्यात वाहत जातात. म्हणून बरीचशी वादळं अर्धा-पाऊण फेरा घेऊन एकमेकांपासून सुटून आपापल्या वाटेने जातात.

हा धक्का किती मोठा असतो याचा अंदाज एका साध्या हिशेबाने येतो. समजा दोन सारखी वादळं ८०० किमी अंतरावर आहेत आणि प्रत्येकाचा वारा दुसऱ्याच्या जागी सेकंदाला फक्त ३ मीटर उरतो. म्हणजे ताशी ११ किमी, गच्चीवर वाळत घातलेले कपडे हलतील एवढाच. पण हा वारा दिवसभर एकाच दिशेने ढकलत राहिला तर २४ तासांत वादळ सुमारे २६० किमी सरकतं. मुंबईपासून विजयदुर्गापर्यंतचं हे सरळ अंतर. म्हणजे दुसरं वादळ नसतं तर जे विजयदुर्गाला धडकलं असतं, ते एका दिवसात मुंबईच्या दारात येऊ शकतं, किंवा उलटही.

किती जवळ म्हणजे जवळ?

ढोबळ आकडा असा, की दोन केंद्रांमधलं अंतर १,४०० किमीच्या आत आलं की परिणाम जाणवू शकतो. ३०० किमीच्या आसपास आलं की वादळं एकमेकांत मिसळण्याची किंवा लहानाने मोठ्यात विरून जाण्याची शक्यता खरी होते. मधल्या पट्ट्यात काय होईल ते वादळाच्या पसाऱ्यावर ठरतं.

इथे तीव्रता आणि पसारा यांची हमखास गल्लत होते. ताशी २०० किमी वारा केंद्राभोवतीच्या पन्नास किमीत असलेलं, पण बाहेर पटकन विरत जाणारं आटोपशीर वादळ शेजाऱ्याला फारसं हलवत नाही. ताशी १०० किमीचं, पण हजार किमी पसरलेलं वादळ शेजाऱ्याला चांगलंच वळवतं. शेजाऱ्याच्या दृष्टीने केंद्राजवळच्या वेगापेक्षा बाहेरच्या कडेला किती वारा शिल्लक आहे हे महत्त्वाचं. बातमीत मात्र केंद्राजवळच्या कमाल वेगाचाच आकडा झळकतो.

जगात दरवर्षी ऐंशी-नव्वद चक्रीवादळं होतात. अशा जोड्या सगळ्यात जास्त दिसतात त्या फिलिपिन्स आणि जपानच्या पूर्वेच्या समुद्रात, वर्षाला सरासरी एक-दोन. तो समुद्र प्रचंड आहे, उबदार आहे आणि वादळांचा हंगामही लांब. आपल्याकडे अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर मिळून वर्षाला पाचेक वादळं होतात, तीही मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर अशी तुकड्यांत. मधल्या पावसाळ्यात खालचे आणि वरचे वारे एकमेकांच्या विरुद्ध वाहतात आणि वादळाला उभंच राहू देत नाहीत.

दोन मिळून एक महाकाय वादळ होतं का?

ही शंका सगळ्यांना येते, आणि उत्तर नाही असं आहे. ताशी १५० आणि १५० मिळून ३०० होत नाहीत.

वादळाचा कमाल वेग ठरतो समुद्राची ऊब आणि वरच्या हवेचं तापमान यांच्यातल्या फरकावर. शेजाऱ्याला गिळल्याने ही मर्यादा वाढत नाही. शिवाय तीव्र वादळ टिकतं ते त्याच्या नेटक्या रचनेमुळे. डोळा, त्याभोवतीची ढगांची भिंत आणि वरपर्यंत एकाच उभ्या रेषेत असलेलं केंद्र, हे सगळं जागच्या जागी असावं लागतं. दुसरं वादळ जवळ आलं की ही रचना बिघडते. लहान वादळाची मोठ्याकडची बाजू जोरात खेचली जाते, लांबची बाजू कमी. त्यामुळे गोल घेर ताणून लांबट होतो, मग त्याची पट्टी होते आणि ती पट्टी मोठ्याच्या बाहेरच्या ढगांत गुंडाळली जाते. अशा वेळी ‘दोन वादळं एकत्र झाली’ म्हणण्यापेक्षा ‘एक विरलं’ म्हणणं जास्त अचूक. बरोबरीची दोन वादळं खरोखर एकजीव होणं फार दुर्मीळ आहे.

याचा अर्थ धोका शून्य असा मात्र नाही. विरलेल्या वादळाची आर्द्रता मोठ्याला मिळते, पावसाचा पसारा वाढू शकतो आणि मुख्य म्हणजे चाल बदलते. २०२२ च्या ऑगस्टअखेरीस हिन्नमनोर हे सुपर टायफून (तिकडच्या समुद्रात चक्रीवादळाला टायफून म्हणतात) जपानच्या ओकिनावा बेटाच्या दक्षिणेला आलं. त्याने शेजारचं एक डिप्रेशन पोटात घेतलं. या झटापटीत त्याचा वेग मंदावला, ते जवळपास थबकलं आणि त्याचा पसारा वाढला. एकाच जागी राहिल्याने खालचं थंड पाणी वर आलं आणि ते कमजोरही झालं. मग उत्तरेकडे वळून पुन्हा बळावलं आणि ६ सप्टेंबरला दक्षिण कोरियाच्या किनाऱ्यावर पोचलं.

थबकणं किती महागात पडतं ते फिलिपिन्सने २००९ च्या ऑक्टोबरमध्ये अनुभवलं. पर्मा वादळ लुझॉन बेटाचं उत्तर टोक ओलांडून पुढे गेलं होतं. पूर्वेकडून मेलोर आलं आणि त्याच्या वाऱ्याने पर्माला परत मागे खेचलं. पर्मा त्याच बेटावर पुन्हा पुन्हा आलं. वारा तोवर मंदावला होता, पण पाऊस थांबत नव्हता. डोंगराळ भागात दरडी कोसळल्या, खालच्या सपाटीवर पूर आले. वाऱ्यावरूनच वादळ मोजण्याची सवय अशा वेळी घातक ठरते.

दक्षिण गोलार्धातलं उदाहरण २०२१ च्या एप्रिलमधलं. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला सेरोजा आणि ओडेट एकमेकांभोवती फिरू लागली, अर्थात काट्यांच्या दिशेने. ओडेट विरून गेलं आणि सेरोजा ११ एप्रिलला कालबारी या गावाजवळ किनाऱ्यावर आदळलं. तो भाग इतका दक्षिणेला आहे की तिथली घरं अशा वाऱ्यासाठी बांधलेलीच नव्हती.

लांब राहूनही शेजारी त्रास देतो

एकमेकांभोवती न फिरताही वादळं एकमेकांवर परिणाम करतात, आणि त्याचे दोन रस्ते आहेत.

पहिला वरून. वादळ खालून हवा आत घेतं आणि बारा-पंधरा किमी उंचीवर ती बाहेर फेकतं. मोठ्या वादळाने फेकलेला हा वरचा झोत शेजाऱ्याच्या माथ्यावर पोचला, तर शेजाऱ्याचा वरचा भाग एकीकडे आणि खालचा दुसरीकडे ढकलला जातो. वरच्या आणि खालच्या वाऱ्यातला हा फरक सेकंदाला दहा मीटरच्या वर गेला की बहुतेक वादळं बळावू शकत नाहीत. म्हणून लहान समुद्रात दोन तुल्यबळ वादळं फार काळ टिकत नाहीत. बंगालच्या उपसागरात चेन्नई ते पोर्ट ब्लेअर हे अंतर जेमतेम १,३५० किमी. तिथे दोन वादळं असतील तर ती जवळपास कायमच एकमेकांच्या टप्प्यात असतात, आणि बळावलेलं एक वादळ दुसऱ्याला सहसा डोकं वर काढू देत नाही.

दुसरा रस्ता खालून. वादळ समुद्र घुसळतं आणि खालचं थंड पाणी वर आणतं. हळू चालणाऱ्या वादळामागे समुद्राचा पृष्ठभाग दोन ते पाच अंशांनी थंड होऊ शकतो, आणि हा थंडावा आठवडाभर किंवा त्याहून जास्त टिकतो. त्यावरून दुसरं वादळ गेलं तर त्याचं इंधन तुटतं. पहिलं वादळ केव्हाच संपलेलं असलं तरीही.

क्यार आणि महा: आपल्या दारातलं उदाहरण

२०१९ च्या दिवाळीत क्यार रत्नागिरीच्या समोरच्या समुद्रात बळावलं आणि किनाऱ्यापासून दूर जाता जाता सुपर सायक्लोन झालं. २००७ च्या गोनूनंतर अरबी समुद्रातलं हे पहिलंच. ते पश्चिमेकडे गेलेलं असताना ३० ऑक्टोबरला लक्षद्वीपजवळ महा तयार झालं. अरबी समुद्रात एकाच वेळी दोन चक्रीवादळं असण्याची ही १९६५ पासूनच्या नोंदींतली पहिली वेळ.

दोघांमधलं अंतर हजार किमीच्या वर होतं, म्हणजे टप्प्यात पण टप्प्याच्या कडेजवळ. क्यार वायव्येला, महा आग्नेयेला. नियम लावला तर क्यारला नैऋत्येकडे आणि महाला ईशान्येकडे धक्का मिळायला हवा. क्यार खरंच नैऋत्येला वळलं आणि सोमालियाच्या दिशेने जात विरलं. महा मात्र वायव्येकडे गेलं. म्हणजे क्यारच्या वळणावर नुसतं फुजिव्हाराचं नाव लिहून मोकळं होता येत नाही. उत्तरेकडच्या उच्च दाबाच्या पट्ट्याचे वारे दोघांनाही वाहून नेत होते, आणि महावर त्यांचाच जोर वरचढ ठरला. पुढे क्यार संपल्यावर पश्चिमेकडचे वारे खाली उतरले, महा उलटं फिरून गुजरातकडे आलं आणि ७ नोव्हेंबरला किनाऱ्यापाशी पोचता पोचता विरलं. ‘दोन वादळं दिसली की ती एकमेकांभोवती फिरणारच’ हा समज किती अपुरा आहे, ते या जोडीत नीट दिसतं. फुजिव्हारा परिणाम अनेक धक्क्यांपैकी एक असतो.

अशा जोड्या वाढतील का, हा प्रश्न रास्त आहे. अरबी समुद्र तापतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडलं, की १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. वादळं जास्त झाली की दोन एका वेळी असण्याची शक्यता वाढणार, हे गणितानेच येतं. पण जोडी जमायला एकाच पंधरवड्यात दोन अनुकूल जागा लागतात, त्यामुळे एका २०१९ वरून कल ठरवायचा नाही.

मधे आख्खा देश असताना काय?

पुन्हा ऑक्टोबर २०२५ च्या चित्राकडे या. एक आंध्रसमोर, एक मुंबईसमोर. मुंबई ते विशाखापट्टण सरळ अंतर सुमारे १,१०० किमी. म्हणजे दोन्ही प्रणाली किनाऱ्याला खेटून असतील तर आकड्यात त्या टप्प्यात येतात. तरीही त्या क्वचितच एकमेकींभोवती फिरतात. दोघींच्या मधे सह्याद्री, पूर्व घाट आणि दख्खनचं पठार आहे. जमिनीला घासून खालचा वारा मंदावतो आणि समुद्रावर मिळणारी वाफ तुटते. शिवाय डिप्रेशनचा घेर इतका कमजोर असतो, की शेजाऱ्यापर्यंत पोचेपर्यंत त्यात धक्का उरत नाही. २०१८ मध्ये लुबान आणि तितली, २०२३ मध्ये तेज आणि हामून, अशा जोड्या दोन समुद्रांत एकाच वेळी होत्या. लुबान आणि तेज येमेनला गेली, तितली आंध्र-ओडिशाकडे, हामून बांगलादेशला. त्यांच्यातलं अंतर टप्प्याच्या कितीतरी बाहेर होतं.

मग त्या वेळी मुंबईत पाऊस का पडतो? दोन्ही बाजूंच्या प्रणाली मिळून राज्यावर आर्द्र हवेचा पुरवठा चालू ठेवतात म्हणून. त्यासाठी त्यांनी एकमेकींना हलवण्याची गरज नसते.

एक वेगळा प्रकार मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. २६ सप्टेंबर २०२१ ला गुलाब चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आलं. त्याचे अवशेष तेलंगण ओलांडून महाराष्ट्रात शिरले, मराठवाड्यात उभं पीक पाण्याखाली गेलं. पुढे ते गुजरातवरून अरबी समुद्रात उतरले, उबदार पाणी मिळालं आणि १ ऑक्टोबरला तिथे नवं नाव पडलं: शाहीन. ते ३ ऑक्टोबरला ओमानवर आदळलं. यादीत नावं दोन, प्रवास एकाच प्रणालीचा. दोन नावं ऐकली की एका वेळी दोन वादळं होती असं समजू नये.

विषुववृत्तापलीकडची जोडी

२०२२ च्या मे महिन्यात आणखी एक चित्र गाजलं. बंगालच्या उपसागरात असनी आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात करीम, जवळपास एकाच रेखांशावर, एकमेकांची आरशातली प्रतिमा असावी अशी. २०१९ मध्ये फनी आणि लोर्ना यांचंही असंच होतं. विषुववृत्तावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहू लागला की त्याच्या दोन्ही कडांना घेर तयार होतात, उत्तरेला काट्यांच्या उलट आणि दक्षिणेला काट्यांच्या दिशेने. दिशा विरुद्ध असल्याने ती एकमेकांभोवती फिरत नाहीत. विषुववृत्त ओलांडून कोणी पलीकडे जात नाही. जन्म एका कारणाने, पुढचा प्रवास वेगळा. चित्र कितीही थरारक दिसलं तरी यात मुंबईकरांनी काळजी करावी असं काही नसतं.

अंदाज का डळमळतो?

एका वादळाचा मार्ग सांगण्यात हवामान विभागाने गेल्या वीस वर्षांत मोठी प्रगती केली आहे, आणि त्यामुळे किती जीव वाचले आहेत याची जाणीव आपण ठेवायलाच हवी. दोन वादळं असली की काम अवघड होतं, कारण चुका एकमेकींत गुंततात. पहिल्याच्या केंद्राची जागा ५० किमीने चुकली, तर दुसऱ्याला मिळणारा धक्का चुकतो, त्याची जागा चुकते, आणि मग तो पहिल्याला देत असलेला धक्काही चुकतो. दोघं सुटणार की गुरफटणार हे कधीकधी अशा छोट्या फरकावर ठरतं.

आपल्या समुद्रांवर वादळात शिरून मोजमाप करणारी विमानं नियमित उडत नाहीत. केंद्र आणि तीव्रता मुख्यतः इन्सॅट मालिकेच्या उपग्रहांच्या चित्रांवरून, समुद्रावरचा वारा मोजणाऱ्या उपग्रहांवरून आणि तरंगत्या बोयांवरून ठरवतात. किनाऱ्याजवळ आलं की मुंबईचे डॉप्लर रडार कामी येतात. बाहेरच्या कडेचा वारा, जो शेजाऱ्याला हलवतो, तोच मोजायला कठीण.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. नकाशावर वादळाच्या मार्गाभोवती रुंदावत जाणारा जो शंकू दिसतो, तो मागच्या काही वर्षांतल्या सरासरी चुकीवरून काढतात. आज समुद्रात दोन वादळं आहेत हे त्या शंकूला माहीत नसतं. म्हणून अशा दिवशी शंकूच्या कडेवर असलेल्यांनीही स्वतःला आतच धरावं.

मुंबईत बसून बुलेटिन कसं वाचायचं?

हवामान विभागाच्या बुलेटिनमध्ये केंद्राचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात. अंतर स्वतः काढता येतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किमी. रेखांशाचा एक अंश मुंबईच्या अक्षांशावर १०५ किमी, १३ अंश उत्तरेच्या आसपास १०८. समजा एक वादळ १५ अंश उत्तर, ६६ अंश पूर्व इथे आहे आणि दुसरं ११ अंश उत्तर, ७४ अंश पूर्व इथे. उत्तर-दक्षिण फरक ४ अंश, म्हणजे ४४४ किमी. पूर्व-पश्चिम फरक ८ अंश, म्हणजे साधारण ८६४ किमी. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा: सुमारे ९७० किमी. टप्प्यात.

मग दिशा बघा. ज्या वादळाची काळजी आहे त्याच्या पश्चिमेला दुसरं असेल, तर आपलं वादळ उत्तरेकडे ढकललं जातं. दुसरं उत्तरेला असेल तर पूर्वेकडे, म्हणजे थेट कोकण किनाऱ्याकडे. दुसरं दक्षिणेला असेल तर पश्चिमेकडे, समुद्रात. दुसरं पूर्वेला असेल तर दक्षिणेकडे. हा फक्त जोडीचा धक्का झाला, वाहक वारा त्याला दाबूनही टाकू शकतो, जसं महाच्या बाबतीत झालं. पण अंदाजित मार्ग दर बुलेटिनला एकाच बाजूला सरकत असेल आणि ती बाजू या नियमाशी जुळत असेल, तर पुढच्या बुलेटिनमध्ये तो आणखी सरकण्याची शक्यता धरून तयारी करावी.

उत्तरेकडचा धक्का ऐकायला सुखाचा वाटतो, कारण वादळ गुजरातकडे जाणार. मुंबईसाठी तो पूर्ण सुखाचा नाही. उत्तरेकडे चाललेल्या वादळाची उजवी बाजू जास्त जोरकस असते, कारण तिथे फिरण्याच्या वेगात पुढे सरकण्याचा वेग मिसळतो. फिरणं ताशी १०० आणि सरकणं ताशी १५ असेल, तर उजवीकडे ११५, डावीकडे ८५. किनाऱ्याला समांतर उत्तरेला जाणाऱ्या वादळाच्या उजवीकडे असतो कोकण आणि मुंबई. १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईपासून साधारण दीडशे किमी लांबून गेलं, तरी कुलाब्यात वाऱ्याचे झोत ताशी १०० किमीच्या पुढे गेले.

वेळ बघताना एक काळजी घ्या. बुलेटिनमध्ये वेळ अनेकदा जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. चक्रीवादळाच्या पायरीवर बुलेटिन दर तीन तासांनी निघतं. डिप्रेशन असताना तितक्या वेळा निघत नाही, त्यामुळे जुनं बुलेटिन ताजं समजून पुढे पाठवलं जाण्याची चूक याच काळात जास्त होते.

हा हिशेब सगळ्यात निकडीचा आहे तो खोल समुद्रात गेलेल्या बोटींसाठी. ताशी आठ सागरी मैल, म्हणजे सुमारे १५ किमी वेगाने येणाऱ्या ट्रॉलरला २०० किमीवरून ससून डॉक गाठायला तेरा-चौदा तास लागतात, आणि वारा समोरून असेल तर त्याहून जास्त. वर पाहिलं तसा जोडीचा साधा धक्काही एवढ्या वेळात वादळाला दीडशे किमी सरकवू शकतो. म्हणून समुद्रात दोन प्रणाली असताना, त्यातली एक नुसती डिप्रेशनच्या पायरीवर असली तरी, बंदरावरचा इशाऱ्याचा बावटा बदलण्याची वाट न पाहता बोटी आदल्या दिवशीच माघारी वळवाव्यात आणि किनाऱ्यावर असलेल्यांनी डिझेल-बर्फ भरलेला असला तरी निघू नये.